कुरणवाडीच्या बायका पोहायला शिकल्या

तंबाखूची भुकटी एकदा अंगावर बसली की बादलीभर पाण्यानं जात नाही. केसांच्या मुळाशी, नखांत, कानामागं ती चिकटून राहते आणि उशीला डोकं टेकलं की नाकात चढते. निपाणीच्या वखारींत तंबाखू चाळून घरी परतणाऱ्या बायकांना हे पुरतं ठाऊक होतं. म्हणून कुरणवाडीच्या भीमनगरातल्या बायका संध्याकाळी वखारीतून आल्या की घरात पाऊल टाकण्याआधी थेट गल्लीच्या विहिरीवर जायच्या. काष्टा आवळून घ्यायच्या आणि पायऱ्या उतरून पाण्यात शिरायच्या. डोकं बुडवून केस झटकायच्या, पलीकडच्या भिंतीला हात लावून परत यायच्या. पोहणं ही गावातल्या इतर बायकांच्या दृष्टीनं बाप्यांची गोष्ट होती. भीमनगरातल्या बायकांसाठी ती अंघोळ होती.

तानीबाई तिथंच पोहायला शिकली. आत्याच्या पाठीवर बसून ती पहिल्यांदा पाण्यात गेली, आणि आत्यानं पाठ काढून घेतली तेव्हा आपण बुडत नाही हे तिच्या ध्यानात आलं. पुढं याच आत्याच्या मुलाशी, भीमाप्पाशी तिचं लग्न झालं. सासरी जाताना तिला गल्लीचं एक टोक सोडून दुसऱ्या टोकाला जावं लागलं, एवढंच. विहीर होती तिथंच राहिली. वखारीत तिची उमर गेली, पोरं शिकली, थोरला मुलगा प्रशिक बेळगावात नोकरीला लागला, पण पाण्यावरचा तिचा हात काही सुटला नाही.

ही विहीर गल्लीनं स्वतः खोदलेली. गावच्या विहिरीला हात लावायची मुभा नव्हती त्या काळात तानीबाईच्या आज्यानं आणि त्याच्या भावकीनं दिवसा लोकांच्या रानात राबून, उरल्या वेळात सबल-कुदळ चालवून ती खडकातून काढली होती. डोंगरातला काळा दगड डोक्यावरून आणून पायऱ्या बसवल्या होत्या. पाणीही असं लागलं, की गावची विहीर उन्हाळ्यात तळ दाखवायची तेव्हा ही काठोकाठ नसली तरी निम्म्याच्या खाली जायची नाही.

मग घरोघरी नळ आले. वखारीची कामं कमी झाली, पोरीबाळी शाळा-कॉलेजला जाऊ लागल्या. विहिरीवर जायचं कुणाला कारण उरलं नाही. आधी त्यात पालापाचोळा पडला, मग प्लॅस्टिकच्या पिशव्या, मग फुटक्या खुर्च्या आणि गाडीचे टायर. सगळ्या गावानं तिचा उकिरडा केला. तानीबाई तिकडून जाताना तोंड फिरवून जायची.

नवरात्राच्या आधी गावच्या बायका गोधड्या धुवायला वेदगंगेवर जातात. त्या वर्षी पाऊस रेंगाळला होता आणि नदीचं पाणी अजून गढूळ, ओढीचं होतं. घाटावर बायकांची गर्दी उसळली होती. पाटलांच्या घरातली नवी सून निवेदिताही आली होती. ती बेळगावच्या अनगोळची, वकिलाची लेक, स्वतः कॉम्प्युटर शिकलेली. तिला गोधडी धुवायची सवय नव्हती, पण सासूनं सांगितलं म्हणून हौसेनं आली होती. भिजलेली गोधडी किती जड होते याचा तिला अंदाज नव्हता. ती आपटायला म्हणून दोन्ही हातांनी तिनं वर ओढली, शेवाळावरून पाय निसटला आणि गोधडीसकट ती पाण्यात गेली.

एकच गलका उठला. घाटावर इतक्या बायका होत्या, पण पोहता येणारी एक नव्हती. कुणी साडीचा पदर पुढं केला, कुणी नुसतीच छाती बडवायला लागली. निवेदिताची सासू यशोदाबाई "आवं, कुणीतरी धावा रं!" म्हणून रानाच्या दिशेनं ओरडत सुटली. रानात माणसं होती, पण लांब.

तानीबाई वरच्या अंगाला आपली दोन अंथरुणं धूत होती. साठी ओलांडलेली बाई, पण तिनं हाक ऐकली, काष्टा घट्ट केला आणि घाटावरून सरळ सूर मारला. पाण्याची ओढ कुठं जाते हे तिला माहीत होतं. ती पोरीच्या मागं न जाता तिरकी पोहत तिच्या पुढं गेली. बुडणारं माणूस समोरून मिठी मारतं आणि दोघांना घेऊन जातं, हे आत्यानं तिला लहानपणीच बजावलं होतं. तिनं मागून निवेदिताचा शेपटा धरला, तिचं तोंड आभाळाकडं केलं आणि एका हातानं पाणी कापत तिला खालच्या वळणावरच्या वाळूत आणून टाकलं.

निवेदिता खोकत, पाणी ओकत बसली. सगळ्या बायका धावत आल्या. यशोदाबाईनं सुनेला छातीशी धरून हंबरडा फोडला. तानीबाई बाजूला केस पिळत उभी होती. धाप लागली होती, पण चेहरा कसा खुलला होता. कितीतरी वर्षांनी ती अशी पोहली होती.

दुसऱ्या दिवशी पाटलांचा गडी तानीबाईच्या दारात साडी-चोळी आणि नारळ घेऊन आला. "वहिनीसायबांनी दिलंय," म्हणाला.

तानीबाईनं नारळ ठेवून घेतला. साडी परत गड्याच्या हातात दिली. "यशोदाबाईस्नी सांग, साडी लई चांगली हाय. पर मला साडी नगं. त्यापरास सुनेला पवायला शिकवा म्हणावं. पुढल्या खेपंला मी घाटावर आसंनच असं न्हाय."

हा निरोप पाटलांच्या घरात कुणाला कसा वाटला कोण जाणे, पण दोन दिवसांनी निवेदिता स्वतः भीमनगरात आली. विचारत विचारत तानीबाईच्या दारात येऊन उभी राहिली.

"मावशी, तुम्ही म्हणालात ते खरंय. मला शिकवाल?"

तानीबाईनं तिला आत बोलावलं, चहा टाकला. पोरगी ओट्यावर मांडी घालून बसली आणि बशीत ओतून चहा प्याली. तानीबाईला ती तिथंच आवडून गेली.

"शिकवीन की. पर कुटं? नदीला ओढ हाय. रानातल्या हिरींवर बाप्ये आन् पोरं उड्या हाणत्यात, तितं तुला कोण उतरू देईल?"

"मग?"

तानीबाईनं बशी खाली ठेवली आणि उठली. मग म्हणाली, "चल, दावते तुला."

दोघी विहिरीवर गेल्या. निवेदितानं आत वाकून पाहिलं आणि नाकाला पदर लावला. वर कचऱ्याची साय धरली होती, त्यावर एक खुर्ची उलटी तरंगत होती.

"ह्याच्या खाली पाणी आहे?"

"हाय म्हंजे? आरशावानी हाय. जित्ता झरा हाय खाली. निस्ता वरचा मळ काढायचा."

पण मळ काढायच्या आधीच बातमी कळली, की पंचायत विहीर बुजवायला निघाली आहे. तिथं दुकानाचे गाळे काढायचा बेत होता. ग्रामसभेत अध्यक्ष मारुतीराव उभे राहून सांगत होते, "ती जागा धोक्याची हाय. उद्या एखादं लेकरू पडलं तर कोण जबाबदार? बुजवूया म्हंजे मिटलं."

बायकांच्या बाजूला तानीबाई बसली होती. ती कधी ग्रामसभेत बोललेली नव्हती. उठली ती हातात पदराचं टोक घट्ट धरूनच.

"आध्यक्ष, लेकरू पडंल म्हणून हीर बुजवायची म्हंता. मग नदी कवा बुजवताय?"

सभेत हशा पिकला. मारुतीरावांनाही हसू आवरेना. तानीबाई मात्र हसली नाही.

"पडलं तर वर यायला शिकवूया की पोरींस्नी. पोरं शिकत्यात, पोरी का न्हाईत? परवा नदीवर काय झालं सगळ्यांस्नी ठावं हाय. आमाला पावसाळ्यापतोर मुदत द्या. हीर साफ करून दावतो. न्हाय जमलं तर खुशाल बुजवा, मी सोता पाटी टाकीन."

निवेदितानं हात वर केला. तिच्या शेजारी बसलेल्या अंगणवाडीच्या बाईंनी वर केला. मग एकेक करत बायकांचे हात वर गेले. पंचायतीचे पीडीओ, म्हणजे विकास अधिकारी, मूळचे गोकाककडचे, कानडी माणूस. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "होऊ द्या हो. बाळ चलो, लई चांगलं काम हाय हे." मुदत मिळाली.

खरी अडचण घरात होती. भीमाप्पा साखर कारखान्यातून निवृत्त झालेला, शांत माणूस. बायकोच्या शब्दाबाहेर सहसा जायचा नाही. पण त्या दिवशी त्यानं जेवणाचं ताट बाजूला सारलं.

"तानी, ही हीर आपल्या आज्यानं खणली. का खणली ते ठावं हाय न्हवं? त्येंनी पाणी दिलं न्हाय म्हणून. आन् आता त्येंच्याच बायकांस्नी तू हितं पवायला बोलावणार?"

तानीबाईला हा प्रश्न अपेक्षित होता. तिनं स्वतःलाही तो विचारला होता.

"व्हय, बोलावणार. आपुन त्येंच्या दारात जात न्हाय. त्या आपल्या गल्लीतनं येणार, आपल्या पायऱ्या उतरणार, आपल्याकडनं शिकणार. आज्यानं कष्टानं पाणी काडलं ते उकिरड्यात घालवायला न्हाय काडलं."

 भीमाप्पा ताट पुन्हा ओढून जेवला, एवढंच.

थंडीत काम सुरू झालं. भीमनगरातल्या जुन्या वखारवाल्या बायका पाटी-खोरं घेऊन आल्या. प्रशिकनं बेळगावहून पंप पाठवला. महिला गटातल्या बायका आल्या, हायस्कूलच्या पोरी आल्या, निवेदिता जीन्स गुडघ्यापर्यंत दुमडून गाळात उभी राहिली. टायर निघाले, खुर्च्या निघाल्या, कुणाची तरी अख्खी सायकल निघाली. हातांना फोड आले, चार दिवस घमेली उचलून कंबरडी मोडली, पण गाळाखालचा झरा उघडा पडला आणि थंडगार पाणी बोटांशी खेळू लागलं तेव्हा खाली उभ्या असलेल्या बायकांनी अशी आरोळी ठोकली की वरच्या रस्त्यावरची माणसं थांबली.

एका सकाळी तानीबाई विहिरीवर आली तर भीमाप्पा तिच्या आधी तिथं होता. हातात पहार घेऊन तो एक सुटलेली पायरी नीट बसवत होता.

"बगत काय बसलीस? त्या फटीत चिप भर," तो म्हणाला. तानीबाईनं दगडाची चिप उचलून फटीत बसवली.

शिमगा सरला, ऊन तापलं आणि उपसलेली विहीर झऱ्यानं पुन्हा भरली. पाणी खरंच आरशासारखं होतं. सकाळचा वेळ बायकांचा, असं ठरलं. काठावर जुन्या साड्यांचा आडोसा बांधला. पहिल्या दिवशी चार टवाळ पोरं मोबाईल घेऊन काठावर आली. भीमाप्पा पायऱ्यांच्या तोंडाशी खुर्ची टाकून पेपर वाचत बसला होता. त्यानं पेपर खाली केला, चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाला, "आत तुमच्या आया हाईत. हाक मारू का?" पोरं आली तशी गेली.

तानीबाईची शिकवण्याची एक रीत होती. विहिरीच्या तोंडाशी तिनं मातीची घागर ठेवली होती. पाण्यात उतरायच्या आधी प्रत्येकीनं तिच्या हातचं तांब्याभर पाणी प्यायचं. "कोरड्या घशानं उतरलं की पाण्यात नरड्याला भ्या बसतंय," ती सांगायची. ते खरं असेल नसेल, पण तिच्या हातचं पाणी प्यायल्याशिवाय तिनं कुणालाही पायरी उतरू दिलं नाही. बहुतेकींनी ते सहज घेतलं. एकदोघी मात्र घुटमळल्या, काहीतरी निमित्त काढून परत गेल्या आणि पुढच्या आठवड्यात येऊन पाणी प्यायल्या. तानीबाईनं त्यांना कधी टोकलं नाही.

मग कमरेला तेलाचे रिकामे डबे बांधायचे, पायरी धरून पाय मारायचे, पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढायचे. निवेदिता पहिल्यांदा पायरी सोडायला तयारच होईना. नदीतलं ते गढूळ पाणी तिच्या डोळ्यांसमोर यायचं. तानीबाई तिच्या पाठीखाली तळवा धरून सांगायची, "आभाळाकडं बग गं. पाण्याशी भांडू नगंस. ते तुला धरून हाय." आणि एका सकाळी निवेदितानं पाहिलं तर तानीबाई चार हात लांब, पायरीवर उभी होती. पाठीखाली तळवा नव्हता. ती तरंगत होती. ती ओरडली, ओरडताना तोंडात पाणी गेलं, ठसका लागला, पण बुडाली नाही.

सून रोज विहिरीवर जाते म्हटल्यावर यशोदाबाई तिच्यावर नजर ठेवायला येऊ लागली. आधी आडोशाबाहेर उभी राहायची. मग वरच्या पायरीवर बसू लागली. मग त्याखालच्या. तोंडानं मात्र तिची तक्रार चालूच, "बायामाणसांनी असं पाण्यात थयथयाट करायचा, काय बाई जमाना!" तिचे गुडघे धरलेले होते. पायरी उतरताना कण्हायची, चढताना सुनेच्या खांद्याचा आधार घ्यायची.

एकदा तानीबाई पाण्यातूनच म्हणाली, "यशोदाबाई, पाण्यात माणसाला वजन नसतंय. गुडघ्यांस्नी इसावा मिळंल."

"मला? ह्या वयात?"

"मी तुमच्याच वयाची हाय की."

 दुसऱ्या दिवशी यशोदाबाई जुनं नऊवारी लुगडं नेसून आली. घागरीपाशी थांबली. तानीबाईनं तांब्या भरून पुढं धरला. विहिरीतल्या सगळ्या बायकांचे हातपाय थांबले. नदीवरून सून परत मिळाली तेव्हा जिनं साडी गड्याच्या हातून पाठवली होती, ती बाई त्या तांब्याकडं बघत उभी होती. मग तिनं तो दोन्ही हातांनी घेतला, मान वर केली आणि घटाघटा रिकामा केला. हनुवटीवरून ओघळलेलं पाणी पदरानं पुसलं.

"ग्वाड हाय गं पाणी," ती म्हणाली.

तानीबाईनं तिच्या दोन्ही कुशींना डबे बांधले आणि तिला हाताला धरून पायरीपायरीनं खाली नेलं. पाणी गुडघ्यांवरून वर आलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. पाय सुटले. यशोदाबाईनं डोळे मिटून घेतले होते. काही क्षण तिचा चेहरा आक्रसलेला राहिला, मग हळूहळू मोकळा झाला.

"आक्का!" ती एकदम ओरडली. "आगं तानीआक्का, गुडघं दुखत न्हाईत गं! आगं, एक पन दुखत न्हाय!"

विहिरीत असं काही हसू उसळलं की दगडी भिंतींनी ते परत परत फेकलं. निवेदिता हसता हसता रडली. वर खुर्चीवर भीमाप्पानं पेपर मिटून ठेवला.

त्या दिवसापासून गावाला कुणी सांगायची गरज उरली नाही. सासवा सुनांना घेऊन आल्या, आया लेकींना. आरोग्य केंद्रातली नर्स आली. निपाणीच्या शाळेतल्या शिक्षिका रविवारी गाडी करून यायला लागल्या, संकेश्वरहून एक अख्खा महिला गट आला. कुणी पोहायला यायचं, कुणी नुसतंच ही काळ्या दगडाची विहीर बघायला. पायऱ्यांपाशी फोटो काढायचे, आणि ही कुणी खोदली असं विचारायचे. भीमाप्पा पेपर बाजूला ठेवून सगळी हकीकत सांगायचा; का खोदावी लागली, तेही. ते सांगताना आवाज खाली आणायचा नाही. भीमनगरातल्या बायका भाकरी-पिठलं, थालीपीठ करून देऊ लागल्या. पंचायतीनं गाळ्यांचा बेत केव्हाच गुंडाळला होता. आता मारुतीराव पाहुण्यांना स्वतः विहीर दाखवायला आणत. मोठ्या रस्त्याच्या फाट्यावर पाटी लागली, कानडीत आणि मराठीत. विहिरीला नाव काय द्यायचं म्हणून पीडीओंनी विचारलं तेव्हा तानीबाई म्हणाली, "गल्लीनं खणली. भीमनगरची हीर ल्ह्या. तेवढं बास."

बुद्धपौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर भीमनगरानं साऱ्या गावाला खिरीचं आवतण दिलं. आधी पोहणं, मग जेवण. पोरींच्या शर्यती झाल्या. कालपरवापर्यंत पाण्याला भिणाऱ्या पोरी काठावरून मुटके मारत होत्या, पाणी पायऱ्यांवर उसळत होतं. शेवटी साठीच्या पुढच्या बायकांची शर्यत लागली. वखारीतल्या तानीबाईच्या जुन्या मैत्रिणी त्यात होत्या आणि डबे सोडून पहिल्यांदाच उतरलेली यशोदाबाईही होती. ती सगळ्यांच्या मागं राहिली, पण पलीकडच्या भिंतीला हात लावूनच परत आली. टाळ्या तिलाच जास्त पडल्या. तानीबाई पहिली आली, पण कुणी नावाजायच्या आत ती पायऱ्या चढून खिरीच्या पातेल्यापाशी गेलीही होती. दुपारी भीमनगराच्या मांडवात गावातल्या सगळ्या गल्ल्या एका पंगतीत बसल्या. वाढपी भीमनगरातले होते आणि वाढताना आग्रह करून करून त्यांनी सगळ्यांना बेजार केलं.

त्या पंगतीत निवेदितानं तानीबाईला हळूच सांगितलं, की बेळगावच्या आपल्या मैत्रिणींना तिनं बोलावलंय, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांना शिकवायचं काम ती स्वतः करणार आहे. तानीबाईनं तिच्या ताटात खिरीचा आणखी एक डाव ओतला.

पौर्णिमेनंतर काही दिवसांनी भीमनगरात एक जीप येऊन थांबली. राज्याच्या हद्दीपलीकडच्या, कागलकडच्या एका गावच्या बायका तीत दाटीवाटीनं बसून आल्या होत्या. त्यांची पुढारी रखमाबाई खाली उतरली आणि विचारत विचारत दारात आली.

"तानीआक्का तुमीच का? आमच्या गावात एक हीर हाय बगा, बारव म्हंत्यात. झाडंझुडपं वाडल्यात, पाणी दिसत न्हाय. बाप्ये म्हंत्यात, हितं काय ऱ्हायलंय. तुमी येऊन एकदा बगाल काय?"

तानीबाईनं आत जाऊन पायात चपला सरकवल्या, भीमाप्पाला भाकरी झाकून ठेवल्याचं सांगितलं आणि पिशवीत एक कोरडं लुगडं घातलं.

"ते कशाला?" भीमाप्पानं विचारलं.

"वरनं बगून काय कळतंय? उतरून बगायला लागंल."

जीपमधल्या बायकांनी तिला पुढची जागा मोकळी करून दिली. तिनं दार ओढून घेतलं, खिडकीची काच पार खाली केली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "चला, ऊन तापायच्या आत पोचायला पायजे."